वाचक विचारतात : लास व्हेगासचे लोक स्वतः कुठे खेळतात?

प्रश्न : गेल्या वर्षी सहलीबरोबर लास व्हेगास पाहिलं. रात्री फ्रीमॉन्ट स्ट्रीटचे दिवे बघून परतताना बसच्या ड्रायव्हरनं महामार्गाच्या पश्चिमेला एक उंच हॉटेल दाखवलं आणि म्हणाला, ‘‘तुम्ही स्ट्रिपवर, त्या बड्या कॅसिनो-हॉटेलांच्या रस्त्यावर, जाता, आम्ही इथं येतो.’’ पॅलेस स्टेशन असं नाव होतं. सगळं गावच कॅसिनोंचं असताना गावकऱ्यांसाठी वेगळा कॅसिनो कशाला? आणि गावकरी तर घरी झोपणार, मग हॉटेलच्या खोल्या कुणासाठी? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ड्रायव्हरनं तुम्हाला सहलीतली सगळ्यात खरी माहिती दिली. नव्वदच्या दशकात मीही अशाच एका ‘लोकल्स’ कॅसिनोच्या केजमध्ये, म्हणजे जाळीआडच्या रोखपालाच्या खिडकीत, बसत होते. पॅलेस स्टेशनमध्ये नव्हे, दुसरीकडे. नाव सांगत नाही. धंद्याची रीत सगळीकडे एकच होती, आणि ती रीत ज्यांनी पक्की केली त्यांत पॅलेस स्टेशनचा मान मोठा.

१ जुलै १९७६ ला सहारा अ‍ॅव्हेन्यूवर, मिनी प्राइस नावाच्या स्वस्त मोटेलला चिकटून एक जुगारखाना उघडला. नाव काय, तर ‘द कॅसिनो’. जागा सुमारे ५,००० चौरस फूट. आपल्याकडचं तालुक्याचं मंगल कार्यालयही त्याहून ऐसपैस असतं. चालवणारे फ्रँक फर्टिटा ज्युनियर. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनहून १९६० मध्ये आलेले, बेलबॉयपासून सुरुवात करून डीलर, म्हणजे टेबलावर पत्ते वाटणारे, आणि मग व्यवस्थापक झालेले. हा माणूस टेबलाच्या दोन्ही बाजू जाणत होता. त्याला दिसलं ते असं, की स्ट्रिपवर रात्रंदिवस तीन पाळ्यांत हजारो माणसं राबतात. पत्ते वाटणारे, पेयं नेणाऱ्या, खोल्या झाडणाऱ्या, स्वयंपाकी. पहाटे दोनला सुटणारा डीलर खिशात ‘टोक’ घेऊन बाहेर पडतो. टोक म्हणजे गिऱ्हाइकांनी दिलेली बक्षिसी, रोख. घरी जाऊन लगेच झोप लागत नाही. जिथं आठ तास हसून उभं राहिलो तिथंच परत बसायची इच्छा नसते, आणि बहुतेक मालक आपल्या नोकरांना आपल्याच टेबलावर खेळूही देत नाहीत. मग जायचं कुठं?

गावकऱ्यांना धरून चालणारा हा पहिलाच कॅसिनो नव्हता, हेही सांगायला हवं. बोल्डर हायवेवरचं शोबोट १९५४ मध्ये उघडलं आणि पुढे बोलिंगच्या जोरावर गावातल्या लोकांना बोलवू लागलं. सॅम बॉइड यांचं सॅम्स टाउन त्याच रस्त्यावर १९७९ मध्ये आलं. तरी फर्टिटांनी जो आराखडा बसवला, तो पुढे सगळ्यांनी गिरवला.

१९७७ मध्ये जागा वाढवून त्यांनी बिंगो आणला आणि नावच बदललं : बिंगो पॅलेस. बिंगो म्हणजे आपली हाउजी. क्लबातल्या ३१ डिसेंबरला खेळतो तीच, फक्त तिथं ती रोज, ठरलेल्या वेळी, दिवसातून अनेकदा. आमच्या हॉलमध्ये सकाळच्या डावाला पेन्शनर बायका रंगीत शाईचे ठसे घेऊन येत. जागा ठरलेल्या, बाजूला मांडलेली गणपतीएवढी जपलेली बाहुली किंवा नातवाचा फोटो. बिंगोत मालकाला फारसं सुटत नाही, कधी तर पदरमोडच होते. पण दोन डावांमध्ये जो मोकळा वेळ असतो, त्यात या बायका बसून राहत नाहीत. हॉलच्या दाराबाहेर मशिनांच्या रांगा उगाच लावलेल्या नसतात.

ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात मोठी वाढ करताना नव्या नावासाठी लोकांमध्ये स्पर्धा ठेवली गेली आणि पॅलेस स्टेशन हे नाव आलं. जवळून रेल्वे जाते, म्हणून आतली सगळी सजावट आगगाडीची. पुढे फर्टिटांच्या कंपनीला, स्टेशन कॅसिनोजला, आणि तिच्या नव्या कॅसिनोंना हे ‘स्टेशन’ आडनावासारखं चिकटलं. खेळाडूंना दिलेल्या कार्डाचं नावसुद्धा ‘बोर्डिंग पास’.

आता तुमच्या खोल्या. २१ मजली टॉवर १९९१ च्या सुमारास उभा राहिला. खोल्यांत उतरतात ते काटकसरी प्रवासी, गावकऱ्यांचे पाहुणे, कामानिमित्त आलेले लोक. पण नव्यानं कॅसिनो काढणाऱ्याला खोल्या हौसेनं बांधता येतात असं नाही. त्या बांधाव्याच लागतात. नेव्हाडा राज्याच्या कायद्यानुसार लास व्हेगासच्या परिसरात अमर्याद मशिनं आणि टेबलं मांडायची असतील, तर आधी ‘रिसॉर्ट हॉटेल’ असावं लागतं. त्याची व्याख्या अशी : २०० हून जास्त खोल्या, ३० माणसं बसतील असा बार आणि ६० माणसांचं, चोवीस तास उघडं उपाहारगृह. म्हणजे शेजारच्या आळीतल्या आजीबाईंना व्हिडिओ पोकर, म्हणजे मशिनवरचा पत्त्यांचा जुगार, खेळवायचा, तर परगावच्या दोनशे पाहुण्यांच्या गाद्या घालून ठेवायच्या. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, गल्लोगल्ली खुराडी निघू नयेत हा. परिणाम असा झाला की कॅसिनो काढणं फक्त बड्या भांडवलाच्या आवाक्यात राहिलं.

मी तिथं असताना शुक्रवार हा खरा दिवस होता. पगाराचे चेक. कॅसिनोत चेक वटवायला पैसे पडत नसत. उलट वर काहीतरी मिळे, एखादं पेय, नाहीतर बक्षिसाच्या चक्राला एक फेरी. ज्यांचं बँकेत खातं नव्हतं त्यांना ही मोठीच सोय. रांगेत स्ट्रिपच्या मोठमोठ्या हॉटेलांचे चेक माझ्या हातात येत. तीच नावं, ज्यांच्यासमोर उभं राहून आपले लोक फोटो काढतात. पर्यटकानं तिथं हरलेला पैसा पगार होऊन आमच्या खिडकीत यायचा आणि नोटा होऊन मशिनांच्या दिशेनं जायचा. एक बाई घरभाड्याच्या नोटा आधी मोजून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवी, चेन दोनदा ओढून बघे, मग उरलेले घेऊन बिंगोकडे वळे. एका दाढीवाल्या सुताराला सगळे पैसे वीसच्याच नोटांत लागत, कारण शंभराची नोट मशिनमध्ये घातली की थांबवत नाही, असं तोच सांगे. ही माणसं भोळी नव्हती. जुगाराचा धंदा त्यांना आतून ठाऊक होता, तरी येत होती. ‘माहिती नसते म्हणून लोक खेळतात’ असं कुणी म्हटलं की मला हा सुतार आठवतो.

त्यात आणखी एक गंमत, कडू म्हणा हवी तर. स्ट्रिपवरचे स्वयंपाकी, वेटर, झाडलोट करणाऱ्या बायका बहुतेक सगळ्या कलिनरी युनियन, लोकल २२६ च्या सभासद. त्यांचे पगार बरे, आजारपणाचा विमा चांगला, तो या युनियनमुळे. आणि तो पगार खर्च होई तो स्टेशनच्या कॅसिनोंत, जिथं वर्षानुवर्षं युनियनला पाय ठेवू दिला नव्हता. शेवटी २०१६ मध्ये बोल्डर स्टेशनच्या आणि २०१७ मध्ये पॅलेस स्टेशनच्या कामगारांनी युनियनच्या बाजूनं मतदान केलं.

मधली वर्षं भराभर सांगते. गाव फुगत होतं. लास व्हेगास ज्या क्लार्क काउंटीत येतं तिची लोकसंख्या १९७० मध्ये पावणेतीन लाखांच्या आसपास होती. २००० मध्ये ती पावणेचौदा लाख झाली. कंपनी १९९३ मध्ये शेअर बाजारात उतरली आणि मग बोल्डर स्टेशन (१९९४), टेक्सास स्टेशन (१९९५), सनसेट स्टेशन (१९९७) अशी रांगच लागली. या नव्या कॅसिनोंत सिनेमागृह आलं, काही ठिकाणी बोलिंग आलं, आणि तासाच्या दरानं मुलं सांभाळणारी केंद्रंही आली. आईबाप खाली मशिनवर, पोर रंगीत चेंडूंच्या हौदात. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. पण सोमवारी रात्री मूल कुठं ठेवायचं हा कॉकटेल वाढणाऱ्या एकट्या आईचा प्रश्न गावात दुसऱ्या कुणी सोडवला नव्हता, हेही खरं.

घरं बांधली जात होती तिथपर्यंत कॅसिनो पोचू लागले, तशी लोकांची ओरड झाली. १९९७ मध्ये नेव्हाडाच्या विधिमंडळात सिनेट बिल २०८ आलं; त्यानं वस्तीतल्या नव्या कॅसिनोंना वेसण घातली. ठरवून दिलेल्या जागांबाहेर काढायचा तर घरांपासून ५०० फूट आणि शाळा-देवळांपासून १,५०० फूट अंतर हवं, शिवाय आणखी अटी. आता गंमत पाहा : ज्यांच्या ताब्यात आधीच परवानगीच्या जमिनी होत्या त्यांच्या जमिनी सोन्याच्या झाल्या, आणि अशा जमिनी सगळ्यात हुशारीनं कुणी गोळा केल्या होत्या, तर स्टेशननंच. कॅसिनोंना आळा घालणारा कायदा एका कॅसिनो कंपनीची तटबंदी होऊन बसला.

या धंद्याचा कच्चा दुवा २००९ मध्ये दिसला. दोन वर्षांपूर्वी फर्टिटांच्या मुलांनी भागीदारासह कंपनी बाजारातून परत विकत घेतली होती, मोठं कर्ज काढून. मग घरांच्या किमती कोसळल्या. पर्यटक घटले, स्ट्रिपवरच्या लोकांचे कामाचे तास कापले गेले, ज्या बांधकामावर निम्मं गाव जगत होतं ते ठप्प झालं. स्ट्रिपवरचं हॉटेल शांघायचा किंवा टेक्सासचा श्रीमंत शोधू शकतं; लोकल्स कॅसिनोला गिऱ्हाईक बदलता येत नाही. जुलै २००९ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच उन्हाळ्यात थोरले फर्टिटा वारले. २०११ मध्ये कंपनी त्यातून बाहेर आली, आणि तीही त्याच कुटुंबाच्या हाताखाली.

जगाला पॅलेस स्टेशनचं नाव कळलं ते मात्र १३ सप्टेंबर २००७ मुळे. अमेरिकी फुटबॉलचा माजी खेळाडू ओ. जे. सिम्पसन काही साथीदारांसह तिथल्या एका खोलीत शिरला आणि ‘या माझ्याच वस्तू’ म्हणत त्याच्या खेळाच्या आठवणींच्या वस्तू घेऊन गेला. त्या प्रकरणात त्याला तुरुंगवास झाला. गावातल्या लोकांना त्याहून जास्त कौतुक आहे ते तिथल्या ऑयस्टर बारचं, म्हणजे कालवं नि समुद्री मासळी मिळणाऱ्या काउंटरचं. मोजकी स्टुलं, चोवीस तास उघडा, आणि रात्री तीनलाही रांग.

२०१६ ते २०१८ मध्ये जवळजवळ १९ कोटी डॉलर खर्चून सगळं नवं केलं. मोटेलच्या काळातल्या बैठ्या खोल्या पाडल्या, आगगाडीची सजावट काढून टाकली. आता आत गेलात तर काच आणि झुंबरं. तुम्हाला बसमधून दिसला तो हा नवा अवतार. २०२० च्या साथीत सगळे कॅसिनो अडीच महिने बंद होते. जूनमध्ये पॅलेस स्टेशन उघडलं. टेक्सास स्टेशन आणि कंपनीचे फिएस्टा नावाचे दोन्ही कॅसिनो मात्र कधीच उघडले नाहीत, नंतर पाडलेच. आणि कंपनीचं बुफे, जिथं आम्ही केजवाल्या बायका पाळी संपवून ताट भरून घेत असू, ते सगळ्याच शाखांमधून गेलं.

प्रश्न : आमच्या गोव्यात गोंयकारांनाच कॅसिनोत जायला बंदी आहे. लास व्हेगासला स्थानिकांना पायघड्या घालतात. शहाणं कोण? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : आधी एक योगायोग सांगते. फर्टिटांनी दुकान मांडलं त्याच १९७६ मध्ये गोव्यात सार्वजनिक जुगारबंदीचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानं चक्क कॅसिनोंना परवानगी देऊन कर लावणारा कायदा केला. आमचा महाराष्ट्राचा कायदा कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. सत्तेचाळीस वर्षं तो नुसता कागदावर. तुमच्याकडे उलट झालं : बंदीच्या कायद्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या मशिनांसाठी फट ठेवली, मग १९९६ मध्ये जहाजांसाठी, आणि आता मांडवीत दिवे लागतात ते तुम्ही रोज बघताच. स्थानिकांना आत सोडायचं नाही हे १ फेब्रुवारी २०२० पासून लागू झालं. कामाला जाता येतं, खेळायला नाही.

ही कल्पना गोव्याची एकट्याची नाही. मोनॅकोचे नागरिक मोंटे कार्लोत खेळू शकत नाहीत. सिंगापूर आपल्या माणसाला दाराशी १५० सिंगापूर डॉलर भरायला लावतं, परदेशी माणूस फुकट आत. दक्षिण कोरियात इतके कॅसिनो असून कोरियन माणसाला एकाच ठिकाणी, डोंगरातल्या कांगवॉन लँडमध्ये, खेळता येतं. सगळ्यांचा विचार एकच : पैसा बाहेरचा येऊ दे, व्यसन बाहेरच्याच घरी जाऊ दे.

नेव्हाडानं १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला तेव्हा तिथं आजच्यासारखी पर्यटकांची गर्दी नव्हती. खाणकामगार, गुरंवाले आणि धरणावरचे मजूर खेळत होते. स्थानिकांना बंदी घालायची तर खेळणार कोण? तिथून ती सवय लागली ती लागलीच.

शहाणं कोण म्हणाल तर माझं मत गोव्याच्या नियमाकडे झुकतं, अर्ध्या मनानं. केजच्या खिडकीतून मी जी घरं रिकामी होताना पाहिली त्यात पर्यटक कुणी नव्हता. पर्यटक चार दिवसांत हरून हरून किती हरेल? त्याचं विमान असतं. शेजारी राहणाऱ्याला विमान नसतं. पण पणजीतला दारावरचा नियम पाळला जातो का आणि फोनवर चालणाऱ्या जुगाराचं काय, याचं उत्तर मिळाल्याशिवाय तुमच्या सरकारला मी पूर्ण गुण देणार नाही.

प्रश्न : लोकल्स कॅसिनोंत मशिनं जास्त पैसे परत देतात असं यूट्यूबवर ऐकलं. हे खरं की जाहिरात? – एक वाचक, ठाणे

उत्तर : खरं आहे, आणि तीच जाहिरात आहे. व्हिडिओ पोकर घ्या, कारण त्याचा हिशेब मशिनच्या तोंडावरच छापलेला असतो. ‘जॅक्स ऑर बेटर’ प्रकारात फुल हाउसला (तीन पत्ते एका किमतीचे, दोन दुसऱ्या) दर नाण्यामागे ९ आणि फ्लशला (पाचही पत्ते एकाच जातीचे) ६ मिळत असतील, तर बिनचूक खेळणाऱ्याला दीर्घकाळात ९९.५४ टक्के परत मिळतात. तिथं ८ आणि ५ लिहिलं असेल, तर ९७.३. फरक क्षुल्लक वाटतो ना? पंचवीस सेंटच्या मशिनवर पाच नाणी लावून डाव सव्वा डॉलरचा. सराईत माणूस तासाला सहाशे डाव सहज मारतो, म्हणजे साडेसातशे डॉलर फिरतात. पहिल्या मशिनवर तासाला सरासरी साडेतीन डॉलर जातील, दुसऱ्यावर वीस. रोज येणाऱ्याला हा फरक बोटांना कळतो, आणि तो चांगल्या मशिनसाठी अर्धा तास गाडी चालवतो. चार दिवसांच्या पाहुण्याला छापलेले आकडे वाचायलाही सवड नसते. म्हणून स्ट्रिपवर चांगली मशिनं शोधावी लागतात.

मेख अशी की त्या ९९.५४ मधले जवळजवळ दोन टक्के एकट्या रॉयल फ्लशचे (एकाच जातीचे दश्शी ते एक्का) असतात, आणि रॉयल सरासरी चाळीस हजार डावांत एकदा येते. ती येईपर्यंत तुम्ही साडेसत्त्याण्णवच्या मशिनवरच बसलेले असता. हजार डॉलरची रॉयल लागली की ते दिवे, तो फोटो. आदल्या महिन्यांचं कुणी लिहून ठेवत नाही. आणि शिवाय ‘बिनचूक’ हा शब्द आहेच. पाळी संपवून, दोन बिअर घेऊन, पहाटे चारला बिनचूक खेळणारी माणसं मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पाहिली.

कमी घेणाऱ्या मशिनमध्ये मालकाचा परोपकार शोधू नका. जो वर्षातून एकदा येतो त्याला एका रात्रीत सोलता येतं. जो आठवड्यातून तीनदा येतो त्याला जपावं लागतं, स्वस्त जेवण घालावं लागतं, नावानं हाक मारावी लागते. तो टिकला पाहिजे.

प्रश्न : मुलीला लास व्हेगासला नोकरी लागली आहे, तीही हॉटेलात नाही, इस्पितळात. किराणा दुकानातसुद्धा जुगाराची मशिनं असतात म्हणे! राहायला घर कुठं घ्यावं, काय सांभाळावं? – एक आई, नाशिक

उत्तर : असतात. पंधरापर्यंत मशिनांसाठी वेगळा, छोटा परवाना मिळतो. त्यावर पेट्रोल पंप, बार, किराणा दुकानं चालतात. विमानतळावर उतरल्या उतरल्या मशिनं दिसतील तेव्हा तिला दचकू नको म्हणावं. आठवड्याभरात ती दिसेनाशी होतात, जशी आपल्याला पानटपरी दिसत नाही.

घर कामाच्या जागेजवळ घ्या. कॅसिनोपासून लांब वगैरे हिशेब करू नका. कुठंही घेतलंत तरी एखादा पंधरा-वीस मिनिटांवर असणारच. डिसेंबर २०२३ मध्ये नैर्ऋत्येला, जिथं नवी वस्ती वाढते आहे तिथं, दुरँगो नावाचा नवा उघडला, तोही याच स्टेशनवाल्यांचा. आणि तिनं तिथं पाऊलही टाकू नये असं मी म्हणणार नाही. गावातली बरीच सिनेमागृहं, बोलिंगच्या जागा, रात्री बारानंतर गरम जेवण मिळण्याची ठिकाणं याच इमारतींत आहेत, आणि गाडी ठेवायलाही पैसे पडत नाहीत. पैसे लावून खेळण्याची सवय मात्र तिनं लावून घेऊ नये, आणि खेळाडूंचं ते फुकटचं कार्ड घेऊच नये. कार्ड घेतलं की टपालानं जेवणाची कुपनं यायला लागतात, आणि कुपन वाया जाऊ नये म्हणून निघालेल्या पुष्कळ मराठी माणसांशी माझी त्या खिडकीतच ओळख झाली.

सिनेमाला मैत्रिणीच्या मुलांना नेलं तर एक लक्षात ठेवायला सांगा : सिनेमागृहाची वाट बहुधा मशिनांच्या रांगांमधूनच जाते, आणि एकवीसच्या आतल्यांना तिथून चालत जाता येतं, पण थांबता येत नाही. बुटाची नाडी सुटली तर पलीकडे जाऊन बांधायची.